झेंड्यांच्या पत्त्यांचा डबा: छपाई झकास, सालांचा मात्र घोळात घोळ

सुरुवातीलाच सांगून टाकतो, डबा घेण्यासारखा आहे. पण घेतलात तर सोबत एक शिसपेन्सिल ठेवा, कारण कार्डांच्या मागे छापलेल्या सालांवर डोळे झाकून विश्वास ठेवलात तर घरात भांडणं होतील, आमच्याकडे झाली.

तर आहे काय, जगातल्या देशांच्या झेंड्यांची १९५ कार्डं. युनोचे १९३ सदस्य देश आणि वर व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन. पुढे झेंडा, मागे देशाचं नाव, राजधानी, दोनचार ओळी माहिती आणि खालच्या कोपऱ्यात ठळक आकड्यात एक साल. खेळायचं असं की प्रत्येकाला सात पत्ते वाटायचे, झेंड्याची बाजू वर, मागे बघायचं नाही, आणि टेबलावर वयाप्रमाणे ओळ लावत जायची, सगळ्यात जुना झेंडा डावीकडे आणि सगळ्यात नवा उजवीकडे. आपल्याला वाटेल तिथे पत्ता खोचायचा, मग उलटून साल बघायचं, बरोबर असेल तर राहिला, चुकला तर तो पत्ता बाद आणि वर एक नवीन उचलायचा. ज्याचे पत्ते आधी संपले तो सुटला. नियम पाच मिनिटांत कळतात, आठ-नऊ वर्षांच्या पुढची पोरं आरामात खेळतात आणि मोठ्यांनाही कंटाळा येत नाही, हे खरंच मोठं काम केलंय त्यांनी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. त्यांना चुकांची यादी मेल केलीय, पुढच्या छपाईत सुधारलं तर चांगलंच आहे. पुस्तक प्रदर्शनात सहाशेच्या आत मिळाला, ऑनलाइन थोडा महाग आहे.

आधी चांगलं सांगतो. कार्ड जाड आहे, मॅट फिनिश आहे, त्यामुळे ट्यूबलाइट खाली चमकत नाही आणि पिसताना चिकटत पण नाही. डबा कडक पुठ्ठ्याचा. रंग बहुतेक ठिकाणी नीट उतरलेत, ब्राझीलचा हिरवा आणि बांगलादेशचा हिरवा वेगवेगळा दिसतो, हे स्वस्तातल्या चार्टवर कधीच दिसत नाही. आणि मागच्या गोष्टी तर मस्तच निवडल्यात. उदाहरणार्थ हैती आणि लिख्टेनश्टाइन. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला दोन्ही देश गेले आणि तिथे कळलं की आपला दोघांचा झेंडा सेम टू सेम आहे, वर निळा खाली लाल, म्हणून पुढच्या वर्षी १९३७ मध्ये लिख्टेनश्टाइनने कोपऱ्यात सोनेरी मुकुट घातला. आमची कन्या हे वाचून इतकी हसली की दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. दक्षिण आफ्रिकेच्या कार्डावर पण छान लिहिलंय, १९९४ ला निवडणूक तोंडावर आली तरी नवा झेंडा ठरत नव्हता, लोकांकडून हजारो डिझाइनं मागवली आणि एकही पसंत पडलं नाही, शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल ह्या सरकारी राजचिन्ह अधिकाऱ्याचं डिझाइन धरलं, तेही तात्पुरतं म्हणून, आणि २७ एप्रिलला ते फडकलं. मंडेलांना फॅक्सवर काळंपांढरं डिझाइन गेलं आणि तिकडे कोणीतरी स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत पेन्सिली आणून ते रंगवून दाखवलं असं सांगतात. तात्पुरता म्हणून आणलेला तो झेंडा आजतागायत तसाच आहे.

आता तक्रारी. पहिली आकाराची. सगळी कार्डं एकाच मापाची, दोनास तीन, त्यामुळे सगळे झेंडे ओढूनताणून त्याच चौकटीत बसवलेत. स्वित्झर्लंडचा झेंडा चौरस असतो हे शाळेतल्या पोरांना पण माहितीये, इथे तो लांबट झालाय आणि मधला क्रॉस आडवा पसरलाय. व्हॅटिकनचं तेच. कतारचा झेंडा जगातला सगळ्यात लांबुडका, अकरास अठ्ठावीस, तो आखूड करून टाकलाय. नेपाळला मात्र नशिबाने पांढऱ्या कागदावर त्याच्या खऱ्या आकारात ठेवलाय, तो तर चौकोन करणं शक्यच नव्हतं. बरं हे फक्त दिसण्यापुरतं नाहीये. मोनॅको आणि इंडोनेशिया, दोन्ही वर लाल खाली पांढरा, फरक जो काय दिसतो तो मापात, मोनॅको चारास पाच आणि इंडोनेशिया दोनास तीन. दोघांना एकाच मापात छापल्यावर पत्ता हातात आला की देव जाणे कोणता. एक १८८१ चा आणि एक १९४५ चा, म्हणजे ओळीत लावताना सरळ नाणेफेक करायची.

त्यात पुन्हा कार्डावर वरची बाजू कुठली ह्याची खूण नाही. साधा एक बाण छापला असता तर काम झालं असतं. इंडोनेशियाचं कार्ड उलटं धरलं की पोलंड. मालीचं उलटं धरलं की गिनी. आयर्लंडचं उलटं धरलं की आयव्हरी कोस्ट. आणि फिलिपिन्सचं कार्ड उलटं ठेवलं की देश युद्धात आहे असा अर्थ होतो, हे मी गमतीत नाही सांगत, त्यांच्या कायद्यातच आहे की युद्ध चालू असेल तर लाल पट्टा वर करायचा. आमच्या टेबलावर फिलिपिन्सने निदान चार वेळा युद्ध पुकारलं असेल.

ब्रिटनच्या कार्डाची तर वेगळीच गंमत. युनियन जॅक उलटा लावला हे ओळखायची खूण अशी की दांडीकडच्या बाजूला पांढरा रुंद तिरका पट्टा लालच्या वर असला पाहिजे. ह्या कार्डावर तो खाली आहे. म्हटलं फिरवून धरू, तर नाही जमत, कारण तो झेंडा अर्धा फिरवला की परत तस्साच दिसतो, म्हणजे ह्यांनी चित्रच आरशातल्यासारखं उलटं छापलंय आणि काहीही केलं तरी सरळ होणार नाही. बघा भिंग लावून.

पण खरा मुद्दा सालांचा. मागे जे एक साल छापलंय ते नक्की कशाचं साल आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. झेंड्याचं डिझाइन पहिल्यांदा दिसलं ते साल? पहिल्यांदा देशाचा म्हणून वापरला ते? कायद्यात लिहिला ते? की आत्ता जसा दिसतो तसा शेवटचा बदलला ते? ही चारही सालं वेगवेगळी असू शकतात, कधीकधी त्यांच्यात पाचसातशे वर्षांचं अंतर असतं, आणि ह्या लोकांनी एका देशाला एक माप लावलंय आणि शेजारच्याला दुसरंच. जो खेळच वयाचा आहे त्यात असं चालत नाही ना राव.

डेन्मार्क घ्या. कार्डावर १२१९. ओळीत तो सगळ्यात डावीकडे, त्याच्या पलीकडे काही जातच नाही, म्हणून ज्याला डेन्मार्क आला तो आधीच खूश. आता १२१९ कुठून आलं तर राजा दुसरा वाल्देमार एस्टोनियात, आज जिथे तालिन शहर आहे तिथे लढत होता, १५ जूनला लढाई हरत आली आणि तेवढ्यात आकाशातून लाल कापडावर पांढरा क्रॉस असलेला झेंडा खाली पडला आणि डॅनिश जिंकले. गोष्ट छान आहे, तिकडे अजून १५ जूनला झेंडा लावतात. पण ती दंतकथा आहे. कागदावरचा पुरावा मिळतो तो चौदाव्या शतकातला, गेल्रे नावाच्या राजचिन्हांच्या हस्तलिखितात, म्हणजे कमीत कमी शंभरेक वर्षांनी. तरीही सतत वापरात असलेला सगळ्यात जुना राष्ट्रध्वज हा मान त्यालाच मिळतो आणि तो बरोबरच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो सगळा काळ झेंडा कोणाचा होता, तर राजाचा, सैन्याचा, जहाजांचा. साध्या डॅनिश माणसाला घरावर झेंडा लावायला १८३४ मध्ये चक्क बंदी घातली होती आणि १८५४ ला ती उठवली. आज तिकडे वाढदिवसाच्या केकवर सुद्धा झेंडे टोचतात, पण ती सगळी नंतरची हौस. (हा झेंडा आपल्याकडे पण होता बरं का, तमिळनाडूत तरंगमबाडीला डॅन्सबोर्ग किल्ला आहे, १६२० मध्ये बांधलेला, आणि १८४५ ला इंग्रजांना विकून टाकेपर्यंत ती वसाहत डॅनिश होती.)

बरं, डेन्मार्कला दंतकथेचं साल दिलंत, ठीक. मग ऑस्ट्रियाला का नाही? त्यांची पण तितकीच भारी दंतकथा आहे, ११९१ मध्ये एकर (आजच्या इस्रायलमधलं शहर) च्या वेढ्यात ड्यूक पाचवा लिओपोल्ड इतका लढला की पांढरा अंगरखा रक्ताने लाल झाला, कमरेचा पट्टा काढला तर तेवढीच जागा पांढरी राहिली, तोच लाल-पांढरा-लाल झेंडा. आणि कार्डावर काय, १९४५! म्हणजे नाझींच्या कचाट्यातून सुटल्यावर पुन्हा स्वीकारला ते साल. एकाला आकाशातून पडल्याचे मार्क आणि दुसऱ्याला सरकारी ठरावाचे. ऑस्ट्रिया हातात असलेल्या माझ्या बायकोने तो व्यवस्थित डावीकडे लावला होता, कारण तिला गोष्ट माहीत होती, आणि पत्ता बाद! माहिती असलेला माणूस हरतो असा खेळ काय कामाचा.

नेदरलँड्सचं तर त्याहून वाईट. कार्डावर १९३७. अहो, हा तिरंगी पट्ट्यांचा झेंडा सोळाव्या शतकात स्पेनविरुद्धच्या बंडातला आहे, तेव्हा वरचा पट्टा केशरी होता, बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंजचा, पुढच्या शतकात हळूहळू लाल झाला. १९३७ मध्ये राणी विल्हेल्मिनाने एक फर्मान काढून एवढंच ठरवलं की बाबांनो रंग लाल-पांढरा-निळा आहे, केशरी नाही, कारण त्यावेळी तिथले नाझी धार्जिणे लोक केशरीवाला झेंडा मिरवायला लागले होते. सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, पडकी इमारत अजून उभी आहे, कोकणात जाणाऱ्यांनी पाहिली असेल. त्या वखारीवर डच झेंडा असणारच की, मग तो १९३७ ला जन्मला कसा?

जपान १९९९ लिहिलंय. उगवत्या सूर्याचा झेंडा १९९९ चा, हे कार्ड उलटल्यावर आमच्या बाबांनी चष्मा काढून परत लावला. तांत्रिकदृष्ट्या चूक नाहीये हे मान्य करतो. १८७० मध्ये व्यापारी जहाजांसाठी हुकूम निघाला तेव्हापासून जगभर हाच झेंडा जपानचा म्हणून ओळखला जातो, पण हा राष्ट्रध्वज आहे असं सांगणारा सरळ कायदा नव्हताच. युद्धानंतर शाळांमध्ये झेंडा लावायचा की नाही, राष्ट्रगीत म्हणायचं की नाही ह्यावरून शिक्षक आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं ताणाताणी, १९९९ मध्ये त्या ओढाताणीत हिरोशिमाकडच्या एका मुख्याध्यापकाने आत्महत्या केली आणि मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने घाईने कायदा केला. त्यात माप पण बदललं, आधी सातास दहा होतं ते दोनास तीन झालं. एवढी मोठी गोष्ट, आणि कार्डाच्या मागे काय दिलंय तर सुशी आणि बुलेट ट्रेन. जिथे गोष्ट सांगायची गरज होती तिथेच नेमकी गाळली.

आणि हाच नियम, म्हणजे कायदा झाला ते साल, ब्रिटनला लावला असता तर कार्ड कोरंच ठेवावं लागलं असतं, कारण तिथल्या संसदेने युनियन जॅक हा राष्ट्रध्वज आहे असा कायदा आजवर केलेलाच नाही, नुसत्या वापराने झालाय तो. तिथे मात्र १८०१ छापलंय, आयर्लंडचा लाल तिरका क्रॉस घातला ते साल. पहिला १६०६ चा होता. म्हणजे ब्रिटनला शेवटच्या बदलाचं साल. मग अमेरिकेला पण शेवटच्या बदलाचं साल द्या की! तर नाही, तिथे १७७७. पुढच्या बाजूला मोजून पन्नास तारे छापलेत आणि मागे १७७७, तेव्हा तारे होते तेरा. पन्नास ताऱ्यांचा झेंडा ४ जुलै १९६० चा, हवाई राज्य झाल्यानंतरचा. मध्ये एक काळ असा होता की पट्टे पण पंधरा केले होते, नवीन राज्य आलं की तारा पण वाढवायचा आणि पट्टा पण, मग लक्षात आलं की असं केलं तर झेंड्याची मच्छरदाणी होईल आणि १८१८ ला पट्टे परत तेरावर आणले. जाता जाता, त्या पट्ट्यांचं आणि आपलं एक नातं आहे. १७७५ मध्ये बंडखोर अमेरिकनांनी पहिला जो झेंडा वापरला, लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात युनियन जॅक, तो आपल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या झेंड्यासारखाच दिसायचा. कंपनीकडे मुंबई १६६८ पासून होती, म्हणजे त्या जातीचे पट्टे बॉस्टनच्या लोकांच्या आधी आपल्याकडच्यांनी बघितले असणार.

सगळ्यात विनोदी जोडी चाड आणि रोमानिया. निळा-पिवळा-लाल, उभे पट्टे, शेजारी शेजारी ठेवले तर निळ्यात किंचित फरक, तोही दिवसा उजेडात. चाडला १९५९ दिलंय, रोमानियाला १९८९. आता रोमानियाचे हे तीन रंग १८४८ च्या क्रांतीपासूनचे, मधे कम्युनिस्टांनी त्यावर आपलं चिन्ह घातलं आणि डिसेंबर १९८९ मध्ये लोकांनी रस्त्यावर झेंड्यातून ते चिन्ह कापून काढलं, भोक पडलेले झेंडे घेऊन लोक उभे आहेत असे फोटो बघितले असतील. चिन्ह गेलं आणि झेंडा चाडसारखा झाला, चाडने पुढे युनोत कुरकूर पण केली. पण डब्याच्या हिशोबाने रोमानिया चाडपेक्षा तीस वर्षांनी लहान! हीच तऱ्हा लिबियाची, कार्डावर २०११ आणि झेंडा १९५१ चा, राजा इद्रिसच्या वेळचा, मधली चौतीस वर्षं गद्दाफीने नुसतं हिरवं कापड फडकावलं, ना चित्र ना अक्षर. जॉर्जियाला २००४ आणि ते पाच क्रॉस मध्ययुगातले. एखादा झेंडा गेला आणि परत आला तर त्याचं वय शून्यापासून मोजायचं का? मला तरी पटत नाही.

पोर्तुगालचं १९११ मात्र बरोबर आहे आणि गोव्याच्या मित्रांसाठी हे सांगण्यासारखं. १९१० ला राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि पुढच्या वर्षी हा हिरवा-लाल झेंडा ठरला, त्याआधीचा निळा-पांढरा होता. म्हणजे गोव्यातल्या साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत, १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, हा आज दिसणारा झेंडा फक्त शेवटची पन्नासेक वर्षं होता. सिनेमात सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज गलबतावर हिरवा-लाल झेंडा दिसला की आता कन्या ओरडते, "बाबा, चूक!"

आता आपलं कार्ड. चित्र पाहून आधी चक्राचे आरे मोजले, चोवीस आहेत, बरं वाटलं. रंग मात्र गंडलाय, चक्र नेव्ही ब्लू म्हणजे गडद निळं पाहिजे, इथे आकाशीकडे झुकलंय. मागे १९४७ आणि खाली "पिंगळी वेंकय्या यांनी तयार केला" एवढी एकच ओळ. साल चूक नाही, २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. पण आमचे बाबा नागपूरचे, ते कसले गप्प बसतायत. "अरे मग तेवीस साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये काय घेऊन जात होते लोक, चादर?" हा त्यांचा प्रश्न. झेंडा सत्याग्रह, १९२३, सिव्हिल लाइन्समधून झेंड्याची मिरवणूक न्यायला बंदी होती, जमनालाल बजाज पुढे होते, त्यांना पकडलं, मग वल्लभभाई पटेल आले, देशभरातून लोक येऊन अटक करून घेत होते. कन्या म्हणाली, "पण आजोबा, तेव्हा चक्र नव्हतं ना, चरखा होता." "मग अमेरिकेचे तारे तेरा होते ते चालतं का तुमच्या डब्याला?" ह्यावर घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि खरं सांगतो, ह्या सगळ्या खेळातला सगळ्यात चांगला अर्धा तास तो होता.

कारण मग बसून सगळी सालं काढली. ७ ऑगस्ट १९०६ ला कलकत्त्यात पारशी बागान चौकात फडकला तो. १९०७ ला मादाम कामांनी जर्मनीत स्टुटगार्टला फडकावला तो, तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात ठेवलाय, पुणेकरांनी पोरांना घेऊन जावं, बहुतेक जण रोज समोरून जातात आणि आत जात नाहीत. १९१७ चा टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूलचा, त्यात कोपऱ्यात युनियन जॅक होता, हे ऐकून लोकांना अजून धक्का बसतो. १९२१ ला बेझवाड्याला (आजचं विजयवाडा) वेंकय्यांनी गांधीजींना दाखवलेला. १९३१ ला काँग्रेसने ठरवलेला केशरी-पांढरा-हिरवा आणि मधे चरखा. आणि १९४७ ला चरख्याच्या जागी अशोकचक्र. आता ह्यातलं एकच साल कोपऱ्यात छापायचं तर १९४७ च छापावं लागेल हे मलाही कळतं, पण मग मागच्या जागेत वेंकय्यांच्या नावाची एक ओळ टाकून उरलेला अर्धा कागद रिकामा ठेवायची काय गरज होती? व्हॅटिकनला सहा ओळी आहेत, मोजल्या.

खादी आणि पॉलिस्टरचं पण काहीच नाही. आपल्या झेंड्याचं माप, सूत, शिवण सगळ्याला भारतीय मानक आहे, नऊ ठरलेली मापं आहेत, सहा मीटर तीस सेंटिमीटरपासून अगदी पंधरा सेंटिमीटरपर्यंत, हुबळीच्या बेंगेरीत आणि आपल्या नांदेडला खादीचे झेंडे बनतात. २००२ ची ध्वजसंहिता आली आणि सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावायची मोकळीक मिळाली, डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिस्टर आणि मशीनचं कापड चालायला लागलं, २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. डॅनिश लोकांना जी परवानगी १८५४ ला मिळाली तशीच काहीशी गोष्ट आपल्याकडे २००२ ची आहे, दोन कार्डं शेजारी ठेवून हे पोरांना दाखवता आलं असतं.

खेळ म्हणून अजून एक अडचण. १९६० च्या आसपास प्रचंड गर्दी होते. त्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले, बहुतेकांनी झेंडे त्याच सुमारास ठरवले, आणि हिरवा-पिवळा-लाल हे रंग तर निम्म्यांकडे. एकाच सालाचे दोन पत्ते आले तर कोण डावीकडे ह्याचा नियमच पत्रकात नाही. आम्ही ठरवलं की एकावर एक ठेवायचे. दुसरं म्हणजे काही कार्डं आताच शिळी झालीत. डब्यावर २०२३ छापलंय, त्यामुळे सीरियाचं माफ, तिथला झेंडा असद यांची राजवट गेल्यावर बदलला, पण किरगिझस्तानचे सूर्यकिरण अजून नागमोडीच आहेत, ते त्याच वर्षाच्या शेवटी सरळ केले. मॉरिटानियाचे २०१७ चे लाल पट्टे मात्र आहेत, म्हणजे कोणीतरी तपासलं होतं.

आम्ही आता काय करतो तर डाव सुरू करायच्या आधी ठरवतो, आज कुठलं साल. "कायद्याचं" खेळायचं असेल तर डेन्मार्कची मस्ती उतरते. "पहिल्यांदा दिसला ते" खेळायचं असेल तर जपान, ऑस्ट्रिया, डच सगळे डावीकडे सरकतात आणि रोमानिया चाडच्या शंभरेक वर्षं पुढे जातो. त्यासाठी पेन्सिलीने मागे दुसरं साल लिहायला घेतलंय, साठेक कार्डं झालीत, मॅट कागदावर पेन्सिल छान उमटते हाही एक फायदाच. पेनाने लिहू नका, पसरतं.

शाळांनी घ्यावा का? घ्यावा, इतिहासाच्या तासाला तर जरूर, पण सरांनी आधी स्वतः कार्डं चाळून मगच वर्गात न्यावा. आठ वर्षांच्या आतल्या पोरांसाठी नको, त्यांना सालांशी काही देणंघेणं नसतं, ती पत्ते चावतात. बक्षीस म्हणून द्यायला उत्तम. पाचपैकी साडेतीन. एक बाण, खरी मापं आणि कोपऱ्यात एकाऐवजी दोन सालं एवढं केलं तर पुढच्या आवृत्तीला साडेचार आत्ताच देऊन ठेवतो.

हां, आणि डबा उघडल्यावर आधी कार्डं मोजून घ्या. आमच्या डब्यात टोगो दोनदा आलंय आणि टोंगा नाहीच. कोणीतरी नावात गडबडलंय हे उघड आहे. वाईट ह्याचं वाटतं की टोंगा हा त्यातल्या त्यात बिनभांडणाचा पत्ता होता, १८७५ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय की हा झेंडा कधीही बदलायचा नाही, आणि त्यांनी खरंच बदललेला नाही. कोणाकडे टोंगा दोनदा आला असेल तर सांगा, बदल्यात टोगो देतो, कार्ड कोरं करकरीत आहे.